फ्रेंच पॉलिश

फ्रान्स देशाशी आमच्या चंद्रपूरचा संबंध एवढाच, की इथल्या प्रत्येक सागवानी कपाटाला फ्रेंच पॉलिश मारलेलं असतं. निदान तसं सांगितलं तरी जातं. मुलगी पाहायला पाहुणे आले, की पोह्यांच्या आधी कपाटाची ओळख होते. "अस्सल आलापल्लीचं सागवान बरं का! वरून फ्रेंच पॉलिश." पाहुणे कपाटावरून बोट फिरवतात, बोटाकडे बघतात आणि मान डोलावतात. मुलीचं काय ते 'कळवतो' म्हणून सांगतात. कपाट मात्र बसल्या जागी पसंत पडतं.

मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. फ्रान्स म्हटलं की राज्यक्रांती, आणि राज्यक्रांती म्हटली की 'कारणे लिहा' आणि 'परिणाम लिहा'. सोळाव्या लुईचं मुंडकं उडवायचं, घंटा झाली की स्टाफरूममध्ये जाऊन चहा प्यायचा, आणि पुढच्या तासाला नेपोलियनला घोड्यावर बसवायचं. हे लुई ज्या खुर्च्यांवर बसले त्या कुणी केल्या, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं, म्हणून परीक्षेत नव्हतं, म्हणून माझ्याही डोक्यात नव्हतं. पण निवृत्त माणसाला नसते उद्योग सुचतात. सौ.च्या मते मला तर ते सेवेत असतानाही सुचत.

आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. घरच्या दिवाणाला पॉलिश करायला नेहमीचे वाढई आले होते, तेव्हा मी त्यांना सहज विचारलं, "का हो, याला फ्रेंच काहून म्हणता?" त्यांच्या हातातला बोळा थांबला नाही. "पालिश मले ठाऊक आहे सर. फ्रेंच तुमचा विषय होय जी."

विषय माझा, म्हटल्यावर शोध घेणं आलं.

फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख. लाखेचे पिवळसर पापुद्रे रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घालायचे, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याचा बोळा करायचा, त्याला थेंबभर तेल लावायचं आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. एक हात, दुसरा हात, असे दहा-बारा हात. मध्येच बोळा थांबला तर तिथं चट्टा पडतो, म्हणून वाढई बोलतो पण थांबत नाही. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये नावारूपाला आली आणि तिला फ्रेंच म्हटलं ते इंग्रजांनी. खुद्द फ्रेंच लोक तिला नुसतं 'बोळ्याचं वार्निश' म्हणतात! आणि लाख येते कुठून? पळसाच्या, कुसुमाच्या, बोरीच्या फांद्यांवर बसणाऱ्या एका इवल्याशा किड्याकडून. देशातली बहुतेक लाख आज झारखंड-छत्तीसगडकडची असली, तरी आमच्या पूर्वेकडच्या जंगलांनाही हा किडा अनोळखी नाही. म्हणजे झाड इथलं, किडा इथला, फडकं आमच्या वडिलांच्या धोतराचं, खांदा दुखतो तो वाढयाचा. नाव तेवढं फ्रेंच.

एकदा हा नाद लागल्यावर मला सगळीकडे फ्रान्स दिसू लागला. सगळ्यात जास्त मंगल कार्यालयात. तुम्ही पाहिलं असेल, हल्ली नवरा-नवरीला पाटावर कुणी बसवत नाही. डेकोरेशनवाला दोन सोनेरी सिंहासनं आणून टाकतो. लाल मखमल, पाठीवर शिंपल्यासारखी नक्षी आणि हरणाच्या मागच्या पायांसारखे बाक दिलेले पाय. डेकोरेशनवाला त्याला 'महाराजा चेअर' म्हणतो. कुठला महाराजा? तो पंधरावा लुई! बाकदार पाय आणि शिंपल्यांची नक्षी ही त्याच्या काळची खूण. पाय सरळ, खाली निमुळते आणि उभ्या पन्हाळ्या पाडलेले असले की तो सोळावा लुई. मूल किंवा ब्रह्मपुरीच्या लग्नात मी हे शेजारच्यांना समजावून सांगू लागलो की सौ. मला कोपर मारते. सोळाव्या लुईच्या खुर्चीवर नवरदेव बसलेला असेल तर मी आपण होऊनच गप्प बसतो. त्या खुर्चीच्या धन्याचं २१ जानेवारी १७९३ ला काय झालं, ते मुहूर्ताच्या वेळी कशाला काढा?

ह्या सगळ्या थाटाची सुरुवात चौदाव्या लुईची. त्याचा प्रधान कोल्बेर हा खरा हिशेबी माणूस. उंची सामान परदेशातून आणून पैसा बाहेर जातो, तेव्हा कारागीरच आणून पदरी बसवा, असं त्यानं ठरवलं आणि १६६० नंतरच्या दशकात गोबलँ इथं राजाचे कारखाने घातले. चित्रकार शार्ल ल ब्रँ सगळ्यांचा मुख्य. तो कागदावर काढून देई आणि विणकर, सोनार, सुतार ते घडवत. 'डिझायनर' नावाचा माणूस कारागिराच्या डोक्यावर येऊन बसला तो साधारण ह्या सुमाराला. व्हर्सायच्या महालात ह्या लुईनं टेबलं आणि कुंड्यासुद्धा चांदीच्या करून घेतल्या होत्या. पुढे लढाईला पैसा कमी पडला आणि १६८९ साली ती सगळी चांदी वितळवायला पाठवली. आपल्याकडे मुलीच्या लग्नात तांब्या-पेला मोडतात तसं. लाकडाचं एक बरं असतं. अडचणीच्या वेळी ते मोडून फार पैसे येत नाहीत, म्हणून ते टिकतं.

पण मला ह्या फ्रेंच इतिहासातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शिक्का. १७४३ साली पॅरिसच्या सुतारसंघानं नियम केला, की प्रत्येक उस्तादानं आपल्या मालावर आपल्या नावाचा ठसा उमटवलाच पाहिजे. राजाच्या पदरी असलेल्यांना सूट, बाकी सगळ्यांना सक्ती. खुर्चीच्या बैठकीखाली, कपाटाच्या पाठीमागे, जिथं पाहुण्याचं बोट जात नाही अशा जागी हा ठसा असतो. म्हणून आजही लिलावात जुनी फ्रेंच खुर्ची आली, की जाणकार आधी तिला उलटी करतात.

शिक्का म्हटल्यावर चंद्रपूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे सुतार येत नाही, फॉरेस्ट खातं येतं. आमच्याकडेही लाकूड शिक्क्याशिवाय हलत नाही. झाड तोडायच्या आधी हॅमर, ओंडका झाल्यावर हॅमर, मग नंबर, लांबी, गोलाई, आणि वाटेत नाक्यावर टी.पी., म्हणजे वाहतुकीचा परवाना. हॅमर नसलेला ओंडका आणि कुंकू न लावता निघालेली नवी सून, दोघांनाही गावात सारखेच प्रश्न विचारले जातात. फरक एवढाच, की पॅरिसला शिक्का करणाऱ्याचा, आमच्याकडे मालकाचा. मधे जो वाढई त्या ओंडक्यातून कपाट काढतो त्याचं नाव कशावरच नाही. आमच्या दिवाणाची मागची फळी काढली तेव्हा आतून पेन्सिलीनं लिहिलेला एक हिशेब निघाला, फुटात आणि इंचात, आणि बेरीज बरोबर होती. ज्यानं तो लिहिला त्या वाढयाचा मुलगा आता प्लायवूडचं काम करतो.

शिक्क्याची आणखी एक गंमत चंदीगडला झाली. ते शहर वसवताना ल कॉर्बुझिए ह्या फ्रेंच वास्तुकाराचा चुलतभाऊ पिएर जानरे १९५१ साली तिथं आला आणि १९६५ पर्यंत राहिला. कचेऱ्यांसाठी त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सागवानाच्या, वेताच्या खुर्च्या बेतून दिल्या. उलट्या व्हीसारखे पाय, साधा घाट, स्थानिक सुतारांना जमेल असं काम. पन्नास वर्षांत वेत तुटले, खुर्च्या गच्चीवर गेल्या आणि मग भंगारात. तिथून त्या पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी उचलल्या, त्यांना पॉलिश केलं (फ्रेंचच असणार!) आणि परदेशी लिलावांत एकेक लाखांच्या भावानं विकली. शेवटी २०११ साली केंद्राच्या गृहखात्याला त्यांच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदीचा हुकूम काढावा लागला. ह्या खुर्च्या अस्सल कशावरून ओळखतात ठाऊक आहे? कचेरीच्या कारकुनानं डेडस्टॉक रजिस्टरसाठी मागच्या पट्टीवर घातलेल्या पांढऱ्या नंबरावरून! आमच्या शाळेतही प्रत्येक खुर्चीवर शिपाई असाच नंबर घालीत असे आणि आम्ही त्याच्या अक्षराला हसत असू.

तर पुन्हा पॅरिस. पंधराव्या लुईसाठी एक लिहायचं टेबल करायचं १७६० साली ठरलं. झाकण गुंडाळत जाणारं, एकदा किल्ली फिरवली की सगळे कप्पे बंद. काम घेतलं ओबेन नावाच्या कारागिरानं. तो १७६३ साली वारला. त्याच्या कारखान्यातल्या रिझनेरनं ते पुरं केलं, १७६९ साली त्यावर आपलं नाव जडावात घातलं, आणि मधल्या काळात ओबेनच्या विधवेशी लग्नही लावलं. हे दोघेही मूळचे जर्मन. फ्रेंच म्हणून जे जगभर मिरवलं त्यातलं सगळ्यात नामांकित टेबल दोन जर्मनांचं! आता फ्रेंच पॉलिशमधल्या आमच्या पळसाचं मला फारसं वाईट वाटेनासं झालं.

क्रांती झाली आणि व्हर्सायच्या महालातलं सामान लिलावात निघालं. ऑगस्ट १७९३ पासून ऑगस्ट १७९४ पर्यंत लिलाव चालला, १७ हजारांवर लॉट. बल्लारशाच्या डेपोत सागवानाचे लॉट ज्यांनी पाहिलेत त्यांना कल्पना येईल. तिथंही ओंडके ओळीनं मांडलेले, लिलावात बोली चढत जाते, आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो सगळ्यात जास्त अंदाज सांगतो. व्हर्सायच्या लिलावात एक म्हातारा गिऱ्हाईक होता, तो म्हणजे रिझनेर स्वतः. आपणच केलेलं काही सामान त्यानं परत विकत घेतलं. दिवस पालटतील, पुन्हा भाव येईल, असा हिशेब. दिवस पालटले, पण फॅशनही पालटली. १८०६ साली तो गेला तेव्हा त्याची सगळी श्रीमंती ओसरलेली होती. नावाचा शिक्का असला म्हणून पोट भरतंच असं नाही.

आमच्या लाकडाचं दुखणं मात्र वेगळं आहे. आलापल्लीच्या जंगलातून साग निघे तो हत्ती ओढत आणत. कमलापूरला अजून हत्तींचा तळ आहे. त्यांचं ओढायचं काम गेलं, आता लोक त्यांना पाहायला जातात. आलापल्लीजवळच 'वनवैभव' म्हणून जंगलाचा एक तुकडा १९५३ पासून न तोडता राखलाय. तिथं उभं राहून वर पाहिलं की टोपी पडते. पण हे लाकूड मुंबईच्या वखारीत पोचलं की त्याचं नाव होतं 'सी.पी. टीक'. सी.पी. म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत १९५० साली मध्य प्रदेश झाला, १९५६ साली आम्ही त्यातून मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात, १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. नकाशावरून जो प्रांत केव्हाच पुसला गेला तो वखारीत अजून राज्य करतोय. २०२३ साली दिल्लीत नवं संसद भवन झालं, तेव्हा सामानाच्या सरकारी यादीत सागवान 'नागपूर'चं म्हणून लागलं. नागपूरला साग असतो, नाही कशाला म्हणू? फर्निचरच्या दुकानांत रांगेनं उभा असतो! त्याच वर्षी २९ मार्चला अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान निघालं तेव्हा मात्र वाजतगाजत मिरवणूक निघाली. ओंडक्यांवर फुलं होती. त्या एका दिवशी लाकडाचा गाव लोकांनी बरोबर सांगितला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं लुई-फिई ठीक आहे, पण एखाद्या मराठी माणसानं खऱ्याखुऱ्या फ्रेंच डिझायनरच्या टेबलावर कधी कोपर टेकलं का? टेकलं. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी. हे दुसरे यशवंतराव, जन्म १९०८. वडील तुकोजीराव बावला खून प्रकरणानंतर १९२६ साली गादीवरून उतरले (ती वेगळी कादंबरी आहे), आणि १९३० साली कारभार पुरता मुलाच्या हाती आला. ऑक्सफर्डला शिकलेले, उंच, सडपातळ. पत्नी संयोगिताराजे कागलच्या घराण्यातल्या. ह्या जोडप्याला नवं घर बांधायचं होतं, आणि तेव्हाच्या इतर राजांसारखं झुंबरं-सिंहमुखांचं नको होतं. त्यांनी पंचविशीतला एक जर्मन वास्तुकार धरला, एकार्ट मुथेसियस. १९३० ते १९३३ ह्या काळात त्यानं माणिकबाग उभी केली. खिडक्या धातूच्या, सामान जर्मनीहून बोटीनं, आणि इंदूरच्या उन्हाळ्यात थंड हवेची सोय! आपल्याकडे तेव्हा वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायला माणूस ठेवत.

आतलं सामान म्हणजे त्या वेळच्या पॅरिसची हजेरीच. चांदीचं काम प्युफोर्काचं, गालिचे दा सिल्वा ब्रून्सचे, पलंग सोन्यो आणि आलिक्स यांचे, तेही धातूचे आणि काचेचे. आयलीन ग्रेची आरामखुर्ची होती. ती बाई आयरिश, पण राहायची पॅरिसला. काचेच्या पलंगावर झोप कशी लागत असेल ह्यावर आमच्या घरी एक अख्खी संध्याकाळ चर्चा झाली. सौ.चा प्रश्न असा, की त्यावर गादी घातल्यावर काच दिसते कुठं?

आणि महाराजांच्या अभ्यासिकेत रुलमानचं टेबल. एमिल-जाक रुलमान हा त्या काळच्या पॅरिसचा सगळ्यात मोठा फर्निचरवाला. १९२५ साली तिथं सजावटीच्या कलांचं जे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलं, ज्यावरून पुढे 'आर्ट डेको' हे नाव पडलं आणि ज्याची लाट आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर येऊन थडकली, त्यात रुलमानचा मंडप बघायला रांगा लागत. हा माणूस स्वतः रंधा चालवणारा नव्हे. घरचा धंदा रंगकामाचा. हा कागदावर काढी, कारखान्यातले कारागीर घडवत, आणि शिक्का बसे रुलमानचा. १९३३ साली मरण समोर दिसलं तेव्हा त्यानं सांगून ठेवलं, हातातली कामं पुरी करा आणि दुकान मोडा. आपल्यामागे आपल्या नावानं दुसऱ्याचा माल नको. हा बाणेदारपणा आवडला आपल्याला.

महाराजांसाठीचं त्याचं लाकूड होतं आबनूस, त्यातही मकासरचा, काळ्यावर तपकिरी रेघांचा, इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरचा. आबनुसाला फ्रेंचमध्ये 'एबेन' म्हणतात आणि उंची फर्निचर करणाऱ्या कारागिराला 'एबेनिस्त'. सगळ्या धंद्याचं नाव ह्या एका लाकडावरून! हे वाचत गेलो आणि झाडाच्या शास्त्रीय नावापाशी येऊन थांबलो. डायोस्पायरॉस. हे नाव गडचिरोलीतल्या माणसाला पाठ नसलं तरी झाड पाठ आहे. आमच्या तेंदूचं कूळ तेच. मकासरचा आबनूस हा डायोस्पायरॉस सेलेबिका आणि आमचा तेंदू डायोस्पायरॉस मेलॅनॉक्झायलॉन, म्हणजे शब्दशः 'काळ्या लाकडाचा'. जुन्या तेंदूच्या गाभ्याचं लाकूड काळंभोर निघतं. पण तेंदूला म्हातारा होऊ देतो कोण? आम्हाला त्याचं पान हवं असतं, विडीसाठी. उन्हाळ्याच्या तोंडी झुडपं छाटायची, म्हणजे कोवळी, रुंद पानं फुटतात. मे महिन्यात पहाटे घरची सगळी माणसं जंगलात जातात, दुपारी अंगणात बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधतात. पावसाळ्यापूर्वी हातात येणारा तो रोख पैसा असतो. वह्या, बियाणं, औषधपाणी त्यातून. आणि तो फुकट मिळत नाही. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पानं तोडायला गेलेल्या तीन बायकांना एकाच दिवशी वाघानं मारलं. दुसऱ्या दिवशी बाकीच्या गावांत पहाटे लोक निघालेच. हंगाम थोड्या दिवसांचा असतो.

माणिकबागेचं सुख फार दिवस टिकलं नाही. संयोगिताराजे १९३७ साली गेल्या, तरुण वयात. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झालं. १९६१ साली यशवंतराव गेले. बुते द मोंव्हेल ह्या फ्रेंच चित्रकारानं त्यांची दोन मोठी चित्रं काढली होती: एकात काळा विलायती सूट, दुसऱ्यात पांढरा मराठी पोशाख आणि पगडी. चेहरा तोच आणि कंटाळाही तोच. १९८० च्या मे महिन्यात मोनॅकोत माणिकबागेच्या सामानाचा लिलाव झाला आणि टेबलं, दिवे, खुर्च्या जगभरच्या संग्रहांत गेल्या. २०१९ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या सजावटीच्या कलांच्या संग्रहालयानं त्यांतल्या पुष्कळशा पुन्हा गोळा करून 'आधुनिक महाराजा' म्हणून प्रदर्शन मांडलं, ते जानेवारी २०२० पर्यंत चाललं.

आणि रिकाम्या माणिकबागेत काय आलं? केंद्रीय उत्पादन शुल्क खातं. ज्या खात्याच्या करपात्र मालाच्या यादीत हजाराच्या हिशेबानं हातविडीही असे! आबनुसाचं टेबल गेलं आणि आबनुसाच्याच भावकीतल्या पानाचा महसूल मोजणारे साहेब आले. २०१७ साली जीएसटी लागू झाला, पाटी बदलली, खातं तेच. महाराजांच्या अभ्यासिकेत पुढे जे सरकारी टेबल आलं असेल त्याला पॉलिश कुठलं, ते सोडा; पण त्याच्या पायावर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला असणार, यावर मी आमच्या दिवाणाची पैज लावायला तयार आहे.